काकूंच्या वाट्याचं दही

माझ्या संशोधनाचा विषय ऐकला की लोक आधी हसतात आणि मग त्यांना हेवा वाटतो. पर्यटन, प्रवासातले अनुभव आणि त्यातून मनाला मिळणारं स्वास्थ्य, असा तो विषय. "म्हणजे फिरायचे पैसे देतात तुला?" असं आमच्या सोसायटीच्या प्रत्येक मजल्यावर विचारून झालंय. कोणी काही देत नाही. मी फिरतही नाही. डोंबिवली पूर्वेला आईबरोबर राहते, ठाण्याच्या एका कॉलेजात तासांवर शिकवते आणि उरलेल्या वेळात फिरून आलेल्यांच्या घरी जाऊन त्यांना बरं वाटलं का, ते विचारते. बहुतेकांना बरं वाटलेलं असतं. एवढंच सांगायला ते अख्खी दुपार घेतात आणि वर फोटो दाखवतात. मी मुळात चिडकी, त्यामुळे चेहरा हसरा ठेवणं हा माझ्या संशोधनातला सगळ्यात कष्टाचा भाग आहे.

पद्धत साधी आहे. ग्रुप टूरने जाणाऱ्या, साठी ओलांडलेल्या माणसांना मी तीनदा गाठते. निघण्याआधी घरी, प्रवास चालू असताना फोनवर आणि परत आल्यावर पुन्हा घरी. पीएचडीच्या माझ्या गाइड मॅडमचं म्हणणं, की परत आल्यावर लोक जे सांगतात त्यातलं बरंचसं त्यांनी नंतर रचलेलं असतं, म्हणून मधला फोन सोडायचा नाही. माझा एक लाडका प्रश्न आहे. "घराचा पूर्ण विसर पडला, असा क्षण कोणता?" विठ्ठलवाडीच्या एका निवृत्त गृहस्थांनी यावर "बायको हरवली तेव्हा" असं उत्तर दिलं होतं. बायको शेजारीच बसून शेंगा सोलत होती, तीही हसली.

हा प्रश्न आईला विचारायचं मला कधी सुचलं नाही, कारण आई कुठे गेलेलीच नाही. लग्न होऊन कोकणातून डोंबिवलीला आली, तो तिचा शेवटचा मोठा प्रवास. मग बाबांची नोकरी, मग बाबांचं आजारपण. बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण कुठे जाऊया म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं. "गाडी लागते मला." आणि दुसरं कारण भिंतीवर लटकत असायचं. आमच्या विंगमधल्या जवळजवळ प्रत्येक घराची एक किल्ली आमच्या हॉलमधल्या खिळ्यांवर असते. कोणी गावाला गेलं की आई त्यांच्या तुळशीला पाणी घालते, जरा खिडक्या उघडते आणि दिवेलागणीला देवापाशी दिवा लावून येते. घर तिन्हीसांजेला काळोखं ठेवू नये, असं तिचं मत.

जाणाऱ्याच्या हातावर दही-साखरही तीच घालते. आणि माणूस परतला की दाराबाहेर थांबवून त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकते, पायावर पाणी घालते आणि मगच आत घेते. आमच्या घरी भाकरी होत नाही, पण कोणी परतायचं असलं की ती नाक्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून मुद्दाम एक घेऊन येते. मी याला तिचा इमिग्रेशन काउंटर म्हणायचे. ती चिडायची नाही. "दही हातावर पडलं की माणूस निघाला," ती म्हणायची, "आणि तुकडा ओवाळला की आला. मधे तो कुठे असतो, आपल्याला काय ठाऊक?"

समोरच्या घरातले काका-काकू दार्जिलिंगच्या टूरला निघाले, तिथून हे सगळं सुरू झालं. गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. काका-काकू माझ्या लहानपणापासून समोर राहतात. त्यांचा मुलगा परदेशात, घरात दोघंच. काकू आईपेक्षा थोड्या मोठ्या, तरी आईला ताई म्हणतात आणि आई त्यांना वहिनी. काकूंनी आयुष्यभर हिमालय हिमालय केलेलं, त्यामुळे मला आयतेच दोन प्रवासी मिळाले. पहिली मुलाखत मी आदल्या दिवशी उरकली होती. निघायच्या सकाळी मी नुसती बॅगा उचलायला उभी होते.

टूरची बस नाक्यावर येऊन थांबलेली. काका खालून हाका मारत होते. काकूंच्या एका हातात पर्स आणि पाण्याची बाटली, दुसऱ्यात खाऊची पिशवी, खांद्यावर स्वेटर. आई वाटी-चमचा घेऊन पुढे आली.

"वहिनी, हात करा."

"अहो ताई, हात कुठे रिकामा आहे? तुम्हीच खा माझ्या वाट्याचं. पोचलं मला."

"असं कसं?"

"खा हो! तुम्ही काय, मी काय, एकच."

आईने चमचाभर दही स्वतःच्या तळव्यावर घातलं आणि खाल्लं. काकू हसत जिना उतरल्या. मीही हसले. म्हटलं, "चला, आई निघाली एकदाची." आई तळव्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

त्या संध्याकाळी ती समोर दिवा लावायला गेली आणि परत यायला तिला जरा उशीर झाला. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. तिसऱ्या दिवशी कुकर थंड झाला तरी तिचा पत्ता नाही, तेव्हा मी तणतणत समोर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. देवघरात समई जळत होती. आईने काकांची आरामखुर्ची खिडकीशी ओढली होती आणि ती तिच्यात बसली होती. त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची भिंत दिसते, पाण्याचे पाइप आणि कोणाच्या तरी बाथरूमची खिडकी. बाकी काही नाही. आई त्या भिंतीकडे मान किंचित वर करून बघत होती. पदर तिने दोन्ही कानांवरून घट्ट ओढून घेतला होता, वाऱ्यात बायका घेतात तसा.

पंखा बंद होता. बाहेर अंगाची लाही होत होती आणि ती खोली गार होती. बंद घरं गार असतात, एवढं मला कळतं. पण माझ्या हातावर काटा आला.

"आई, काय करतेयस?"

ती हळूच म्हणाली, "ढग हलायची वाट बघतायत सगळे."

मी तिला हाताला धरून उठवलं. हात बर्फासारखा. घरी आल्यावर तिने कपाटातून शाल काढून पांघरली आणि अर्धी पोळी खाऊन झोपली. मला मनातून भलतीच भीती वाटली. बाबांच्या आईला शेवटी काहीच आठवत नसे, ते मी लहानपणी पाहिलेलं होतं. रक्ताचं नातं नाही, तरी तेच आठवलं. सकाळी मी तिला आमच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. वार कोणता, मुलगी काय करते, भाजीला काय आणलंय, सगळं तिने बिनचूक सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "अहो, तुमच्यापेक्षा बरी आहे तब्येत यांची." माझं बीपी तेवढं वाढलेलं निघालं.

त्याच संध्याकाळी माझा मधला फोन होता. काकांनी आधी भरभरून सांगितलं. वरण-भात कसा गरमागरम मिळतो, टूर लीडर पोरगा कसा गुणी आहे. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्या काकूचं मात्र लक्ष नाही गं. गाडीत खिडकीची जागा दिली, तर बाहेर बघतच नाही. एवढी हौस होती. घे, बोल तिच्याशी."

मी काकूंना ठरलेला प्रश्न विचारला. आज काय पाहिलंत, कसं वाटलं?

"समई लावली ना ताईंनी?" काकू म्हणाल्या. "निरांजनातलं तूप संपलंय. बरं झालं तेल घातलं ते. खुर्ची खिडकीशी घेतलीय. असू दे, तिथे बरी वाटते. तुळशीला मात्र पाणी जास्त होतंय, सांग त्यांना."

"काकू, आईचा फोन आला होता का?"

"नाही गं. कशाला येईल?" त्यांचा आवाज अगदी साधा होता. "मी इथेच आहे की दाराशी. आत यायला जरा संकोच वाटतो, चपला पायात आहेत ना."

मी फोन ठेवला आणि समोर जाऊन पाहिलं. निरांजन रिकामं होतं. तुळशीच्या कुंडीखालची बशी पाण्याने तुडुंब भरलेली. मी आईला विचारलं, तू काकूंना फोन केला होतास का? ती म्हणाली, त्या फिरायला गेल्यात, त्यांना कशाला त्रास द्यायचा?

मी शिकलेली बाई आहे. शेजारणी शेजारणींची घरं तोंडपाठ ओळखतात, तूप कधी संपणार हे बाईला हिमालयातही कळतं, असं मी स्वतःला समजावलं. मॅडमना फोन केला, तर त्याही तेच म्हणाल्या, आणि घरची काळजी हा मुद्दा लिहून ठेव म्हणाल्या. मी तसं केलं. पण त्या दिवसापासून समोरच्या घराकडे पाठ करून कुलूप लावायला मी घाबरायला लागले.

मग एका दुपारी मी आईचीच मुलाखत घेतली. प्रश्न थोडे बदलले होते आणि ते कोणावर तरी घासून बघायचे होते. कधीच न फिरलेल्या माणसाला ते कळतात का ते बघू, असं मी मनाशी म्हटलं. खरं तर मला तिला बोलतं करायचं होतं. घरात असून ती घरात नसल्यासारखी झाली होती. जेवायला हाक मारली तर दुसऱ्याच कोणाला मारलीय असं समजून बसून राहायची. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं आणि थट्टेच्या सुरात विचारलं, "तर काकू, घराचा पूर्ण विसर पडला, असा क्षण कोणता?"

आईने पाय वर घेतले, गुडघ्यांना मिठी मारली आणि सांगायला लागली.

"पहाटेचं. आम्हाला अंधारात उठवलं. जीप वर वर चढत होती, पण मला काही झालं नाही, गाडी अजिबात लागली नाही. वर माणसंच माणसं, सगळी कठड्याला चिकटून उभी. थंडी अशी की दात वाजत होते. एक बाई किटलीतून चहा विकत होती. मी घाईने तोंडाला लावला आणि ओठ पोळला. तेवढ्यात ढग सरकले. आधी नुसती एक रेघ आली, गुलाबी. मग ती वाढत गेली. इतकं उंच काही असतं, मला माहीतच नव्हतं. मी आपली खाली बघत होते, डोंगर जिथे असायचा तिथे. आणि तो होता कुठे वर, आकाशातच. शेजारी मरून टोपीवाले एक गृहस्थ होते, ते ढसाढसा रडायला लागले. त्यांची बायको म्हणाली, यांना मी लग्नापासून रडताना बघितलं नाही."

"आणि तू?"

"मी नाही रडले. मला हलकं हलकं वाटलं. पाठीवरची गोणी कोणी उतरवून घ्यावी तसं." ती माझ्याकडे बघून हसली. इतकी मोकळी, इतकी तरुण ती मला कधी दिसली नव्हती. मग तिने अगदी अगत्याने विचारलं, "आणि तुम्ही कुठल्या? एकट्याच आलात?"

माझ्या हातातला मोबाइल खाली पडला.

तिचा खालचा ओठ सुजला होता आणि त्यावर पोळल्याचा लाल डाग होता. सकाळच्या चहाने पोळला असेल. आई चहा निववून, बशीत ओतून पिते, हे मी तेव्हा आठवायचं टाळलं.

काका-काकू परत आले त्या दिवशी आई तापाने फणफणलेली. एरवी माणसांना उंबऱ्याबाहेर थांबवणारी बाई पांघरुणात होती. ना भाकरी, ना तुकडा, ना पायावर पाणी. मीच खिळ्यावरची किल्ली काढून दिली. काकूंनी ती माझ्या हातून घेतली आणि "थँक यू" म्हणाल्या, कुरिअरवाल्याला म्हणावं तसं.

आईचा ताप दोन दिवसांत उतरला. आणि उतरला त्या संध्याकाळी ती उठून, पदर खोचून, समोर दिवा लावायला गेली. मी म्हटलं, "आई, ते आलेत ना आता!" ती ऐकून घेऊन निघून गेली. जरा वेळाने काकांनी आमची बेल वाजवली. काका बँकेत अधिकारी होते, आवाज चढवून बोलणारे. त्या दिवशी ते अगदी हळू बोलले.

"जरा येतेस का? बघ गं, हे काय चाललंय आमच्याकडे."

मी गेले. आईने समई लावली होती आणि ती खिडकीशी खुर्चीत बसली होती, पदर कानांवरून ओढलेला. आणि काकू स्वतःच्याच घरात, दाराच्या आतल्या बाजूला, भिंतीला टेकून उभ्या होत्या. पायात टूरला घेतलेले बूट, खांद्याला पर्स. पाहुणी बाई, बसा म्हणायची वाट बघत उभी राहते तशी.

"आल्यापासून रोज या वेळेला अशीच उभी राहते," काका कुजबुजले. "बस म्हटलं तर म्हणते, घरातल्यांना येऊ दे. टूरचं काही विचारलं तर काही आठवत नाही. एकही डोंगर आठवत नाही गं तिला."

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "ताईंचं बघून झालं का?"

मी आईला घरी आणलं. रात्रभर मला तिच्या श्वासाचा आवाज ऐकू येत राहिला, चढ चढणाऱ्या माणसासारखा.

त्या ग्रुपमधल्या आणखी एक बाई माझ्या मुलाखतींत होत्या. कोलशेतला खाडीकडच्या नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. दोनच दिवसांनी त्यांच्याकडे जायचं ठरलेलं होतं. मी गेले, कारण घरात बसवत नव्हतं. त्यांनी दार उघडलं तेव्हा आतल्या खुंटीवर मरून रंगाची लोकरी टोपी अडकवलेली होती.

"अगं, काय सांगू तुला," बाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांना मी लग्नापासून कधी रडताना बघितलं नव्हतं. त्या सूर्योदयाला रडले."

मी लिहायचं थांबवलं.

"ग्रुपमधल्या त्या डोंबिवलीच्या बाई बाजूलाच होत्या. त्यांचा ओठ पोळला चहाने. एरवी गप्प गप्प असायच्या बिचाऱ्या, कुठे बघायच्या नाहीत. पण त्या पहाटे एकदम खुलल्या. माझा हात धरून काय बोलत होत्या! मुलगी ठाण्याला कॉलेजात शिकवते म्हणाल्या, पीएचडी करते, लोकांना प्रवासाचं विचारत फिरते. मी म्हटलं, अगं बाई, म्हणजे माझ्याकडे येणारी तीच का?" बाईंनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "आई तुझी गोड आहे हो."

"ती माझी आई नव्हे," मी म्हणाले. "त्यांना एक मुलगा आहे. तो परदेशात असतो."

"अगं पण त्याच म्हणाल्या." बाई गोंधळल्या. "खाली उतरायची वेळ झाली तेव्हा त्या कठडा सोडेनात. म्हणाल्या, मला परत जायचंच नाही. आणि मग म्हणाल्या, पण सगळ्यांच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत."

चहा न पिताच मी उठले. रिक्षात बसल्यावर मला रडू फुटलं. भीतीचं होतं, हे मान्य करायला हरकत नाही. माझी आई माझ्या डोळ्यांदेखत घरातून निघून चालली होती. ती रोज थोडी थोडी लांब जात होती, आणि एखाद्या संध्याकाळी त्या खुर्चीत नुसतं तिचं अंग उरेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. डॉक्टरांना काय सांगणार होते? की वाट्याचं दही चुकून दुसऱ्याच बाईने खाल्लं?

डोंबिवलीला उतरले ती नाक्यावरच्या पोळीभाजी केंद्रात गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "भाकरी एकच? कोण आलंय?"

"दोघी जणी," मी म्हटलं आणि दोन भाकरी घेतल्या.

दिवेलागण झालेली होती. समोरचं दार उघडं होतं. आई खिडकीशी, काकू दाराशी, काका देवघरापाशी हात जोडून. मी आईसमोर जाऊन उभी राहिले. तिने मान वर केलेली होती आणि तिच्या चेहऱ्यावर कसला तरी उजेड पडला होता. समई तिच्या पाठीमागे होती आणि समोर तर ती पाइपांची भिंत. गेली काही वर्षं मी लोकांच्या घरोघर जाऊन जे शोधत होते, प्रश्न विचारून विचारून ज्याच्या जवळ जायला बघत होते, ते माझ्या आईच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. इतकं सुखी माणूस मी माझ्या कामात पाहिलेलं नाही. मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. तिला तिथेच राहू द्यावं, असं एकदा मनात आलं. पण मला माझी आई हवी होती. याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं.

"आई, चल. पोचलो आपण," मी म्हटलं.

"इतक्यात?" ती म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

मी तिला उठवून बाहेर नेलं आणि आमच्या दारासमोर, उंबऱ्याच्या बाहेर उभं केलं. काकूंना त्यांच्या दाराबाहेर उभं केलं. दोघी एकमेकींकडे पाठ करून, जिन्याच्या मधल्या जागेत. मला यातलं काही धड येत नाही. आई करायची तेव्हा मी थट्टा करत उभी असायचे, त्यातलं जेवढं आठवलं तेवढं केलं. आधी काकूंवरून तुकडा ओवाळला, बाजूला टाकला, पायांवर तांब्याने पाणी घातलं आणि "आत या" म्हटलं. मग आईवरून ओवाळला. तिच्या पावलांवर पाणी घातलं तेव्हा ती दचकली, खूप गार पाणी अंगावर पडावं तशी. नळाचं पाणी होतं, चांगलं कोमट.

"ये आत," मी म्हटलं.

ती उंबरा ओलांडून आत आली, दोन पावलं चालली आणि थबकली. "अगं, हे पाणी कोणी सांडलं दारात? कोणीतरी घसरून पडेल ना! आणि तू अशी काय बघतेयस? भात लावलास का?"

मी तिच्या गळ्यात पडले. तिला काही कळलं नाही. समोरून काकूंचा आवाज येत होता. त्या काकांवर ओरडत होत्या, की खुर्ची खिडकीशी कोणी नेऊन ठेवली.

पुढच्या आठवड्यात मी काकूंची मुलाखत पूर्ण केली. त्यांना सगळं आठवायला लागलं होतं. किटलीवाली बाई, गुलाबी रेघ, आकाशात दिसलेला डोंगर, मरून टोपी. मुलगी ठाण्याला शिकवते, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आई दाराशी उभी राहून ऐकत होती, दुसऱ्याची टूर आपण ऐकतो तशी, थोडी कौतुकाने, थोडी मनात कुकरच्या शिट्ट्या मोजत. "छान हो वहिनी," ती म्हणाली. "बघून घेतलंत तुम्ही."

मी तिला जपून विचारलं, की तुला काही आठवतं का.

"मला कशाचं आठवायचंय? मी कुठे जाते?"

मी म्हटलं, आपण जाऊ, तू आणि मी, खरंच जाऊ. तिने हात झटकला. गाडी लागते मला. माझ्या मोबाइलमधलं ते रेकॉर्डिंग मी तिला ऐकवलेलं नाही. एकदा मी एकटीने लावून पाहिलं. तिच्या आवाजामागे सतत वारा वाहतोय. हॉलमधला पंखा असेल. संशोधनात मी ते वापरलेलं नाही. त्याच्यावर नाव कोणाचं घालणार?

दिवाळीच्या सुट्टीत तळमजल्यावरचं कुटुंब केरळला निघालं. आई वाटी घेऊन खाली गेली, मी मागोमाग. तिने एकेकाच्या हातावर दही घातलं आणि प्रत्येकाने ते खाल्लं की नाही हे मी पोलिसासारखी उभी राहून पाहिलं. गाडी गेली. आई वर आली. तिच्या बोटाला थोडं दही लागून राहिलं होतं, साखरेचे दाणे चमकत होते. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिची जीभ खालच्या ओठावरून फिरली, तो डाग होता तिथून. डाग आता जवळजवळ दिसत नाही.

"खा ना," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते निघून गेलं. भीती वाटत होती, तरी पुन्हा म्हटलं, "खा गं आई."

"छे, ते त्यांच्या वाट्याचं," ती म्हणाली. तिने किल्ली खिळ्याला अडकवली, बेसिनपाशी गेली आणि नळ सोडून बोट स्वच्छ धुतलं.